दोन बाकांमधली जमनामावशी

आमच्या दवाखान्याच्या ओट्यावर दोन बाक होते. डाव्या हाताला बायकांचा, उजव्या हाताला पुरुषांचा. तसा काही सरकारी हुकूम नव्हता, भिंतीवर पाटीही नव्हती. पण मी नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधीपासून ते असंच चालत आलं होतं आणि नव्याने आलेल्या माणसालासुद्धा ते सांगावं लागत नसे. अंगात ताप मुरलेला म्हातारा बायकांचा बाक रिकामा दिसत असूनही पुरुषांच्या बाकापाशी ताटकळत उभा राही. या दोन बाकांच्या मधे एक लाकडी खांब होता. त्या खांबाला टेकून जी बाई उभी असायची तिच्याबद्दल मला लिहायचं आहे.

लिहायला घेतलं आणि पहिल्याच दमात ‘बाई’ लिहून बसले. आता खोडत नाही. हा शब्द मी एकदा फार महत्त्वाच्या कागदावर लिहिला होता, आणि त्याचे भोग तिच्या वाट्याला आले. ते पुढे येईलच.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी साताऱ्याकडची, बावीस वर्षांची, नुकती नर्स झालेली. अंगात ताकद कमी आणि तोंडात जास्त. चौक नाक्यावरून कर्जतकडे वळलं की हाकेच्या अंतरावर आमचा दवाखाना. पुरुषांसाठी चार खाटांची एक खोली, बायकांसाठी दोन खाटांची एक, ती बहुतेक बाळंतिणींनीच भरलेली. एक डॉक्टर, एक मी, आणि मुंबई–पुणे रस्त्यावरच्या ट्रकांची दिवसभर उडणारी धूळ.

रुजू होऊन आठवडा झाला असेल. एका बाळंतिणीला घरी सोडायचं होतं. बैलगाडी दारात उभी, गाठोडं बांधलेलं, पण तिची सासू काही हलेना. म्हटलं, आजी, आता निघा, खाट मोकळी करा. तर म्हणाली, “जमनी येऊं दे. तिच्या पदरात घातल्याबिगर पोर घरला नेत नाय आमी.”

मी तोंड सोडलं. हा दवाखाना आहे, देऊळ नाही, वगैरे. तेवढ्यात ती आली. उंच, सावळी, हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, मनगटं रुंद, आणि आवाज असा घोगरा की आधी मला वाटलं हिला सर्दी झालीय. पायरी चढून ओट्यावर आली, खांबापाशी थांबली. उंबरा ओलांडला नाही. सासूने मूल आणून तिच्या पदरात घातलं. तिने ते जरा हलवून पाहिलं, कपाळाला तांदळाचे चार दाणे लावले आणि म्हणाली, “मानूस हाय. बास झालं.”

एवढाच तिचा आशीर्वाद. मुलगा की मुलगी हे तिने कधी विचारलं नाही. मुलगी झाली म्हणून तोंड पाडून बसलेली एखादी सासू असली की मावशी मूल छातीशी धरून सरळ पायऱ्या उतरायला लागायची. “नको ना तुला? मंग मी नेते.” सासू धावत येऊन मूल हिसकावून घ्यायची आणि ओट्यावरची माणसं हसायची. मी होते त्या वर्षांत आमच्याकडे जन्मलेलं एकही मूल तिच्या पदरातून गेल्याशिवाय घरी गेलेलं मला आठवत नाही.

हल्ली पेपरात अशा माणसांसाठी नीट शब्द असतात. तेव्हा आमच्याकडे जे शब्द होते ते मला लिहवत नाहीत. लोक तोंडावर जमनामावशी म्हणत आणि पाठ वळली की ते शब्द वापरत.

तिचं पोट मात्र या आशीर्वादांवर नव्हतं. चौक नाक्यावर तिची टपरी होती, ट्रकवाल्यांसाठी. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, चहा. पत्र्याच्या छपराखाली दोन फळ्या मांडलेल्या, आणि येईल त्याला पहिला हुकूम, “बस रं आदी. मंग बोल.” घाई असलेला ड्रायव्हर असो, भांडायला आलेला असो, टवाळी करायला आलेला असो, आधी बसायचं. एकदा गावी जाताना माझी एस.टी. नाक्यावरच बंद पडली, तेव्हा मी तिथे थांबले होते. एक नवखा क्लीनर तिच्या चालीची नक्कल करत आत शिरला. बाकीचे खी खी करायला लागले. मावशीने तव्यावरची नजर न काढता म्हटलं, “बस रं आदी.” तो बसला. तिने पुढ्यात भाकरी टाकली. तो खात असताना म्हणाली, “आता बोल. काय करत व्हतास मगाशी?” तोंडात घास असलेला माणूस नक्कल कशी करणार? खाली मान घालून त्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या. माझ्याकडे बघून मावशीने डोळा मारला.

मलाही ती सोडत नसे. माझा हात तेव्हा इंजेक्शनला बसला नव्हता. “शिष्टर, तू सुई टोचतीस का वाकळ शिवतीस गं?” असं भर ओट्यावर विचारायची.

सगळ्यांना बसवणारी ही बाई स्वतः मात्र बसायची नाही. तिची चूल कमरेएवढ्या ओट्यावर बांधलेली होती. त्या काळी आमच्या भागात सगळ्या बायका जमिनीवर बसून भाकऱ्या थापत. हिचा हा उभ्याचा थाट बघून आम्ही तिला शेठाणी म्हणायचो. दुसरी एक खोड म्हणजे पाणी न पिण्याची. चुलीपुढे घामाने थबथबलेली, पण मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणायची, “मला तहान लागत नाय.” मी नर्स होते. उभ्याने काम करणारी, पाणी न पिणारी, मधूनच खांबाला गच्च धरून डोळे मिटून घेणारी बाई मी रोज बघत होते आणि शेठाणी म्हणून हसत होते. याची मला अजून लाज वाटते.

तिच्या घरचं मला फार थोडं ठाऊक आहे. पळसदरीच्या बाजूला भातशेती असलेल्या घरातला ती तिसरा मुलगा. भाऊ चौकच्या बाजारात भात घेऊन येत, नाक्यावरून जात, टपरीपुढे थांबत नसत. त्यांची गाडी दिसली की ती चुलीकडे तोंड करून उभी राही.

एका बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, दोन दारुडे टपरीत शिरले. तिने नेहमीसारखं बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. त्यांनी तिचं लुगडं फेडलं, चूल लाथाडली आणि तिच्याच पळीने तिला मारलं. नाक्यावर शंभर माणसं असतील. सोडवायला एकटा करीमभाई आला, खोपोलीचा ट्रक ड्रायव्हर, तिच्या हातची भाकरी खाल्ल्याशिवाय घाट न चढणारा. त्यानेच तिला दवाखान्यात आणलं. भुवईवर तीन टाके पडले. टाके घालतानाही ती उभीच होती.

तिला तक्रार करायची होती. तक्रारीला जखमांचा दाखला लागतो. दाखल्यावर डॉक्टर ‘स्त्री की पुरुष’ या रकान्यापाशी येऊन अडले. आमचे डॉक्टर तरुण, सरळ माणूस. पेन हातात धरून म्हणाले, “सिस्टर, खटला उभा राहिला तर मला शपथेवर सांगावं लागेल. कागदात खोटं निघालं तर त्या दोघांचा वकील सगळंच खोटं ठरवील.” आणि त्यांनी ‘पुरुष’ लिहिलं. तिच्या भल्यासाठीच लिहिलं, यात मला शंका नाही.

चौकीवर मी तिच्याबरोबर गेले. जमादाराने मला खुर्ची दिली. दाखला वाचला आणि हसायला लागला.

“पुरुषाचं लुगडं फेडलं, त्यात विनयभंग कसला आला? उलट बाईच्या वेषात नाक्यावर उभा राहतो म्हणून ह्यालाच आत घालायला पायजे.”

मी म्हटलं, “डोकं फोडलंय तिचं.”

“ते बघतो ना. पण दोन बाप्यांची मारामारी म्हणून लिहीन. मग ह्याच्यावर पण कलम लागंल. चालंल?”

मावशीने हात पुढे करून दाखला परत मागितला, त्याची घडी घातली आणि बाहेर पडली. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, “कागदावर मी हाय तरी का गं शिष्टर?” मी नुसतीच तिच्याबरोबर नाक्यापर्यंत चालत गेले.

दुसऱ्या दिवशी तिने चूल पुन्हा बांधली, होती तेवढ्याच उंचीची.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, भात कापणीच्या दिवसांत, करीमभाईने तिला ट्रकमधून आणलं. या वेळी मात्र तिला उभं राहता येत नव्हतं. पोट ताठ फुगलेलं, अंगात ताप. दीड दिवस लघवी झाली नव्हती. डॉक्टर म्हणाले, पुरुषांच्या खोलीत घ्या. तिने दाराची चौकट धरून ठेवली. बोलायचं बळ नव्हतं, पण हात सुटेना. मी म्हटलं, बायकांच्या खोलीत एक खाट रिकामी आहे. दुसऱ्या खाटेवर बाळंतीण होती आणि तिच्या उशाशी तिची सासू. हीच ती पहिल्या आठवड्यातली, जमनीची वाट बघत अडून बसलेली. हे तिचं तिसरं नातवंड. आधीची दोन्ही मावशीच्या पदरातून गेलेली.

ती दारात आडवी उभी राहिली. “हितं नको गं बाय. माझी सून उघडी-वाघडी निजलेली.”

“आजी, तुमची नातवंडं चालतात हिच्या पदरात?”

“पदर येगळा. बाजूची खाट येगळी.”

मी भांडले असते. पण मावशी दुखण्याने विव्हळत होती आणि भांडायला वेळ नव्हता. शेवटी ओट्यावर, दोन बाकांच्या मधे, खांबापाशी चटई टाकली. खांबाला आणि खिडकीला समोरच्या खोलीतून आणलेलं माझं लुगडं बांधून आडोसा केला आणि तिथे डॉक्टरांनी तिला तपासलं. पलीकडे माणसं माना उंचावत होती.

तेव्हा मला सगळं कळलं. पोरवयात, मुंबईतल्या कुठल्याशा खोलीत, एका दाईच्या हातून, गरम तेल आणि हळदीच्या भरवशावर तिने पुरुषपण कापून घेतलं होतं. कुठलाही दवाखाना तिच्यासाठी ते करणार नव्हता. जखम भरताना लघवीची वाट आवळत गेली होती. इतकी वर्षं ती थेंबाथेंबाने दिवस काढत होती. म्हणून पाणी नाही, म्हणून बसणं नाही. नळी आत जाईना. डॉक्टरांनी पोटातून सुई घालून लघवी काढली. तिला जरा आराम पडला. घामाने कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं.

डॉक्टर म्हणाले, “हे माझ्या हातातलं नाही. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात वाट मोकळी करावी लागेल. लवकर. नाहीतर लघवीचं विष अंगात भिनेल.”

मी विचारलं, “होईल ना बरं?”

“वेळेवर झालं तर का नाही होणार? साधं ऑपरेशन आहे.”

साधं ऑपरेशन. हे दोन शब्द मी त्यानंतर किती वेळा मनात म्हटले असतील.

आमची पद्धत अशी होती की, चिठ्ठीतला आजार डॉक्टर इंग्रजीत लिहीत आणि खाली सही करत. वरचं नाव, गाव, वय, स्त्री की पुरुष, एवढं मी भरायचं. डॉक्टर सही करून पेशंट बघायला निघून गेले. मी पेन घेऊन मावशीजवळ बसले. मला ती चौकी आठवत होती, तो जमादाराचा हसरा चेहरा आठवत होता. ‘पुरुष’ लिहिल्याने काय होतं ते मी पाहिलं होतं.

“मावशी, काय लिहू?”

“तुला काय दिसतं?”

मी लिहिलं, जमनाबाई, वय पंचेचाळीस, स्त्री. तिने वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. म्हणाली, “अजून एकदा वाच.” मी पुन्हा वाचलं. केसपेपरवरही मी तेच लिहिलं आणि दोन्ही कागद तिच्या हातात दिले. तिने घडी घालून पोलक्यात ठेवले. त्या क्षणी मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करायला हवं. डॉक्टरांचं जे धाडस झालं नाही ते मी केलं, असा तोरा होता मनात.

करीमभाईने तिला दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या फाटकाशी सोडलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मुंबईची फेरी होती म्हणून तो बघायला गेला, तर ती फाटकाबाहेर भिंतीला धरून उभी. तो तिला घेऊन परत आला आणि आधी माझ्याकडे आला.

“सिस्टर, बाहेर काढला तिला,” तो म्हणाला. “चिठ्ठी बघून बायकांच्या वॉर्डात घेतला. चांगली खाट दिली, चादर दिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीण तपासायला आली. मग नुसता गोंधळ. बायका उठून बसल्या, आया ओरडायला लागली, फसवून घुसला म्हणून. पोलीसला बोलावतो बोलले.”

“मग?”

“मग पुरुषांच्या वॉर्डात टाकला. तिकडं लोक बघायला येत होते, सिस्टर. दुसऱ्या वॉर्डातून येत होते. एकाने चादर खेचली. ती निघाली तिथून.”

मी विचारलं, “चिठ्ठी कुणी लिहिली, असं कुणी विचारलं नाही?”

“विचारलं ना. ती बोलली, मीच खोटं सांगितलं, सिस्टरला काय माहीत नव्हतं.”

मी पुरुषांच्या बाकावर बसले.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. मग संध्याकाळी स्वतः टपरीवर गेले आणि म्हणाले, दुसरी चिठ्ठी देतो, ओळखीच्या सर्जनला देतो, तुम्ही फक्त चला. त्यांनी पुन्हा सुई घालून पोट मोकळं केलं. मावशीने त्यांना आधी बसायला सांगितलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आता कागद नको, डाक्टर. दोनी कागद करून झालं.”

मी तिच्या पाया पडायला गेले. तिने मला उठवलं. “तू काय वाईट लिवलंस? वाचून तर दोनदा दाखवलंस.”

मला आजही कळत नाही मी काय लिहायला हवं होतं. खरं लिहिलं तर तिला चौकीने हाकललं, खोटं लिहिलं तर हॉस्पिटलने. आणि माझं ते खोटं होतं, असंही मला पटत नाही. पुढे मी पुष्कळ वर्षं नोकरी केली, बढती मिळाली, शेकडो कागदांचे वरचे रकाने भरले. तिथे पेन आलं की हात अजून जड होतो. माणूस मरायला टेकलंय, त्याच्या आजाराचं औषध आहे, औषध देणारा माणूस आहे, आणि मधे दोनच शब्दांचा रकाना. मी काही करू शकले नाही. डॉक्टर काही करू शकले नाहीत.

आठ-दहा दिवसांत ती तापात गेली. सकाळी ड्रायव्हर आले तेव्हा चूल थंड होती. करीमभाईने आणि चार ड्रायव्हरांनी तिला उचलून नेलं. भाऊ आले नाहीत. गावच्या दप्तरात मयताच्या नोंदीत काय लिहिलं, ते विचारायला मी गेले नाही. माझी छाती झाली नाही.

ती जाण्याच्या तीन-चार दिवस आधीची एक दुपार राहिलीय, तेवढी सांगते.

एक ते तीन दवाखाना बंद असायचा. माझी खोली समोरच होती. मी खिडकीशी जेवायला बसले होते. ओट्यावर कुणी नव्हतं. मावशी आली. सावकाश, एकेका पायरीवर थांबत. नेहमीसारखी खांबाला टेकून उभी राहिली. इकडेतिकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता. मग ती बायकांच्या बाकापाशी गेली आणि अगदी कडेला, एका हाताने बाक धरून, हळूहळू बसली.

दुखत असणार. तोंड वाकडं झालं, मग सैल झालं. तिने पोलक्यातून केसपेपर काढला, मांडीवर ठेवला, त्यावर हात ठेवले आणि बंद दाराकडे बघत राहिली, नंबर लागायची वाट बघणाऱ्या बायका बघतात तशी.

माझ्या हाताला वरणभात होता. उठावं, जाऊन दार उघडावं, ‘जमनाबाई’ म्हणून मोठ्याने हाक मारावी, असं वाटलं. पण मी गेले तर ती चटकन उठून उभी राहील, असंही वाटलं. बसली आहे तर बसू दे, म्हटलं. मी गेले नाही. कदाचित ती माझीच वाट बघत असेल. ते आता कुणाला विचारू?

पंधरा-वीस मिनिटांनी ती उठली. कागद परत आत ठेवला. वाकून, खांबाचा आधार घेऊन, जिथे बसली होती तेवढी जागा पदराने दोनदा पुसली आणि पायऱ्या उतरून नाक्याकडे चालू लागली.

मी हात धुऊन ओट्यावर आले. बाकावर सगळीकडे रस्त्याची धूळ होती, कडेची तेवढी हातभर जागा स्वच्छ होती. तीन वाजता मी दार उघडलं. पहिली आलेली बाई पोराला कडेवर घेऊन तिथेच बसली, पुसलेली जागा बघून.